वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातलं जिवंत पार्सल

शोभेचे मासे, कोळंब्या, पाणवनस्पती आणि प्रवाळ यांच्या वाहतुकीबद्दल खान्देशातून आलेली पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. प्रश्न निरनिराळे असले तरी जवळपास सगळ्यांचं मूळ एकच आहे : डबा ४२ अंशांच्या हवेत किती तास उभा राहतो आणि तेवढ्या वेळात आतलं पाणी किती तापतं. त्यामुळे जिथे शक्य आहे तिथे उत्तर आकड्यांत दिलं आहे.

प्रश्न : घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. आता त्यात जिवंत कोरल (प्रवाळ) लावायचे आहेत. मुंबईचा एक विक्रेता म्हणतो, बर्फ टाकून रेल्वेने पाठवतो, काही होत नाही. मे महिन्यात मागवावेत की पावसाळ्यापर्यंत थांबावं? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : मागवूच नका, मेमध्ये नाही आणि पावसाळ्यातही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या पंक्तीला बसतात. परवान्याशिवाय ते बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘हे टाकीत वाढवलेलं आहे’ किंवा ‘बाहेरदेशातून आलंय’ असं विक्रेत्याने तोंडी सांगितलं तर त्याने तुमची सुटका होत नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यानेच चालतो. मऊ प्रवाळ किंवा झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले जीव) म्हणून कोणी काही देऊ केलं, तर आधी वन विभागाकडून लेखी खुलासा घ्या, मगच पैसे द्या.

हौस मात्र सोडायची गरज नाही. आपल्याकडे हॅचरीत पैदा केलेले क्लाउनफिश मिळतात, सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे खडक मिळतात, आणि किटोमॉर्फासारखं समुद्री शेवाळ टाकीला शोभाही देतं, पाणीही साफ ठेवतं. त्याआधी टाकीचं तापमान बघा. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चिलरशिवायची टाकी सहज ३२-३३ वर जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा मारणारा छोटा पंखा दोन ते चार अंश उतरवतो. फक्त बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. परवानगी असलेल्या संस्था जिवंत प्रवाळ एका जागेहून दुसऱ्या जागी नेतात तेव्हा तापमान कसं सांभाळतात? विद्यार्थी विचारतात आणि पुस्तकात एवढं सापडत नाही. — एक वाचक, धुळे

उत्तर : वर्गात सांगायला जवळचं उदाहरण आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअली इथले प्रवाळ २०२० मध्ये वन विभागाच्या परवानगीने उचलून दुसऱ्या जागी लावले गेले. तिथे अंतर थोडं होतं. अंतर वाढलं की अडचणी कशा वाढत जातात ते सविस्तर सांगतो.

बहुतेक उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांना २४ ते २७ अंश सोयीचं असतं. प्रवासात पाणी २२ ते २८ च्या दरम्यान राहिलं तर निभावतं. ३० च्या वर गेलं की जोखीम तासागणिक वाढते, आणि १८ च्या खालीही तीच गत. समुद्रात तर नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अवघं एक अंश जास्त राहिलं आणि ते काही आठवडे तसंच टिकलं, तरी प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये ते झालं. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उष्णतेत अपायकारक ऑक्सिजन-संयुगं तयार करू लागतं आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. पार्सलमधला धक्का आठवड्यांचा नसतो, काही तासांचाच असतो, पण झटक्यात बसतो. त्यातली फसवी गोष्ट अशी की डबा उघडताना प्रवाळ ठीकठाक दिसतो. मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडतो तो पुढच्या एक-दोन दिवसांत, आणि रंग उडतो तो त्याहूनही सावकाश. त्यामुळे पोहोचल्या दिवशी ‘जिवंत आला’ अशी नोंद करून मोकळं होता येत नाही.

बांधणीची रीत अशी. तुकडा कापलेला असेल तर जखम भरायला एक-दोन आठवडे द्यायचे, ताजा कापलेला तुकडा पाठवायचा नाही. निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद. तुकडा प्लगवर (छोट्या बैठकीवर) पक्का बसवून तो प्लग फोमच्या छोट्या तराफ्याला उलटा अडकवायचा, म्हणजे प्रवाळ पाण्यात खाली तोंड करून लटकतो. त्याने दोन गोष्टी साधतात : पिशवीला घासून मांस फाटत नाही, आणि प्रवाळ सोडतो तो चिकट स्राव अंगावर न साचता खाली पडतो. सांगाडा टोकदार असतो म्हणून पिशव्या दोन किंवा तीन, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा थर. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. डबा काळोखा असतो, म्हणजे पेशींतलं शैवाल प्रकाशसंश्लेषण करत नाही. उजेडात ऑक्सिजन देणारा प्रवाळ अंधारात तो फक्त वापरतो. त्यातून २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपासच. पाणी तापलं की हा साठा घटतो आणि जिवाची गरज वाढते. दहा अंशांना श्वसन साधारण दुप्पट होतं. स्रावावर पोसणारे जिवाणूही त्याच वेगाने वाढतात. पार्सलमधले प्रवाळ मरतात ते बहुधा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने, नुसत्या उष्णतेने क्वचित.

पोहोचल्यावर बंद पिशवी २०-३० मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग क्षारता जुळवायची, पिशवीतलं पाणी फेकायचं. पहिले काही दिवस उजेड मंद. हे शेवटचं पुष्कळदा विसरलं जातं. आधीच उष्णतेने दमलेल्या शैवालावर पूर्ण दिवे लावले तर जे प्रवासात निभावलं ते टाकीत बिघडतं.

प्रश्न : थर्माकोलच्या डब्यात नेमका किती बर्फ टाकायचा? कोणी म्हणतं एक बाटली पुरे, कोणी म्हणतं डबा भरा. उन्हाळ्यात जळगावहून धुळे, शिरपूरकडे मासे पाठवतो. — शोभेच्या माशांचे दुकानदार, जळगाव

उत्तर : हे हिशेबाने काढता येतं आणि एकदा काढलं की दरवर्षी उपयोगी पडतं.

आतून ४० × ३० × ३० सेंटिमीटरचा डबा धरा. त्याचं आतलं एकूण क्षेत्रफळ साधारण ०.६६ चौरस मीटर. भिंत अडीच सेंटिमीटर जाड असेल तर आत-बाहेरच्या तापमानात एक अंश फरक असताना सुमारे ०.९ वॅट उष्णता आत शिरते. बाहेर ४२, आत २६, म्हणजे फरक १६. शिरणारी उष्णता १५ वॅटच्या घरात, तासाला ५४ किलोज्यूल. आत आठ लिटर पाणी असेल तर ते एक अंश तापायला ३३ किलोज्यूल लागतात. म्हणजे बर्फाशिवाय पहिल्याच तासाला दीड अंश चढला. पाच तासांत पाणी ३२ वर, दहा तासांत ३६ वर. भिंत चार सेंटिमीटर केली तर हेच आकडे ३० आणि ३३ च्या आसपास येतात. हवेच्या थरामुळे प्रत्यक्षात थोडं कमी तापतं, पण झाकणाच्या फटी ते भरून काढतात, तेव्हा हाच आकडा धरून चाला.

आता बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या डब्याला तासाला १६० ग्रॅम, चार सेंटिमीटरच्या डब्याला तासाला १०० ग्रॅम. दहा तासांना पहिल्यात १.६ किलो, दुसऱ्यात एक किलो. वितळलेलं पाणी शून्यापासून २६ पर्यंत तापताना आणखी एक तृतीयांश उष्णता घेतं. ती जमेत धरू नका, उशीर झाला तर ती कामी येते. बर्फ वाढवण्यापेक्षा जाड डब्यावर खर्च करा, असं आमचं ठाम मत आहे. डबा परत मागवून पुन्हा वापरता येतो आणि बर्फासारखा तो मध्येच संपत नाही.

पण ‘डबा भरा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दीड किलो बर्फ पिशव्यांना उघडा चिकटवला आणि तो पहिल्या तास-दोन तासांत वितळला, तर आठ लिटर पाणी आठ-नऊ अंशांपर्यंत उतरू शकतं. दहा तासांच्या प्रवासात जो बर्फ मासे वाचवतो तोच पहिल्या दोन तासांत त्यांना मारतो. म्हणून बर्फ हळूहळू वितळला पाहिजे. अर्ध्या लिटरच्या बाटल्या घ्या, साडेचारशे मिलिलिटर पाणी भरा (गोठताना पाणी फुगतं), २४ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा. प्रत्येक बाटलीला वर्तमानपत्राचे आठ-दहा थर गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी. बाटल्या झाकणाखाली, पिशव्यांच्या वर ठेवायच्या, कारण गार हवा खाली उतरते. मध्ये थर्माकोलचा पातळ तुकडा. बाटलीत मिठाचं पाणी गोठवू नका, ते शून्याच्या बरंच खाली राहतं. सुक्या बर्फाचा तर विचारच नको : उणे ७८ अंश, आणि वर बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड.

गिऱ्हाइकाचे मासे घालण्याआधी एकदा तसाच डबा साध्या पाण्याच्या पिशव्यांनी बांधा, दुपारी गच्चीवर सावलीत ठेवा आणि दर दोन तासांनी पाण्याचं तापमान लिहा. तुमच्या थर्माकोलचा, तुमच्या टेपचा खरा आकडा त्या कागदावर मिळेल.

प्रश्न : आमच्या भागातून केळीच्या एसी गाड्या रोज जातात. त्यातच माशांचे डबे ठेवले तर उन्हाचा प्रश्नच मिटेल ना? — एक वाचक, सावदा

उत्तर : उन्हाचा मिटेल, थंडीचा सुरू होईल. केळी १३-१४ अंशांवर नेतात. त्याखाली साल काळवंडते हे सावद्याच्या माणसाला सांगायला नको. गप्पी, एंजल, टेट्रा यांना १३ अंशांत रात्रभर ठेवणं म्हणजे ते संपलेच समजा, डिस्कसला तर २८ लागतं. थर्माकोलचा डबा आत असला तरी तो फक्त वेळ लांबवतो : अडीच सेंटिमीटरच्या डब्यातलं २६ अंशांचं आठ लिटर पाणी दहा तासांत १८ च्या खाली येतं. गोल्डफिश तेवढं सोसेल, बाकीच्यांसाठी नको. केळी पिकवण्याच्या खोल्यांमध्येही याच कारणाने ठेवू नका.

परतीच्या रिकाम्या गाडीचा मात्र चांगला उपयोग होतो. चालकाशी बोलून २४ अंशांवर लावून घ्या, डबे ब्लोअरच्या तोंडासमोर न ठेवता मागच्या बाजूला, जमिनीपासून फळीवर उचलून ठेवा. मग बर्फाची गरजच उरत नाही. धोका एवढाच की रिकाम्या गाडीत डिझेल वाचवायला मशीन बंद केलं जातं, आणि बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत काय होतं ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तापमान नोंदवणारा छोटा डेटा लॉगर डब्यात टाका आणि तो टाकलाय हे चालकाला आधीच सांगा.

प्रश्न : मुंबईहून रेल्वेने मासे मागवतो. गाडीचा प्रवास पाच-सहा तासांचाच, तरी एप्रिल-मेमध्ये निम्मे मरतात. पाठवणारा म्हणतो गाडी तापते. — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : गाडीच्या तासांबरोबर त्याच्या आधीचे आणि नंतरचे तासही मोजा. डबा पार्सल ऑफिसला कधी दिला, गाडीत कधी चढला, चाळीसगावला उतरून हातगाडीवर किती वेळ पडून राहिला आणि तुमच्या हातात कधी आला. सहा तासांच्या प्रवासाचं पार्सल डब्यात बारा-चौदा तास असणं काही विशेष नाही, आणि त्यातला वाईट भाग बहुतेक वेळा फलाटावरच्या उन्हाचा असतो. काळ्या डांबरावर किंवा लोखंडी हातगाडीवर ठेवलेल्या डब्याला हवेचे ४२ अंश नसतात, खालून पन्नासच्या पुढचा चटका असतो.

रात्रीची गाडी धरा, पहाटे उतरवून घ्या. मेमधल्या रात्री हवा ३० अंशांच्या आसपास असते, म्हणजे आत-बाहेरचा फरक १६ ऐवजी चारच. आत शिरणारी उष्णता चौथ्या हिश्शावर येते आणि बर्फही तेवढाच पुरतो. एका वेळेच्या बदलाने जे साधतं ते दुप्पट बर्फाने साधत नाही. माल चढला की पाठवणाऱ्याने फोन करायचा, गाडी यायच्या अर्धा तास आधी तुमचा माणूस स्टेशनवर हवा. डब्याच्या चारही बाजूंना आणि झाकणावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा : ‘जिवंत मासे. उन्हात ठेवू नका. ही बाजू वर.’ नुसत्या झाकणावर लिहिलेलं, वर दुसरा डबा आला की झाकलं जातं.

आणि पाठवणाऱ्याला मासे २४ ते ३६ तास उपाशी ठेवायला सांगा. भरल्या पोटी निघालेला मासा वाटेत विष्ठा टाकतो, आणि तापलेल्या पाण्यात त्याचा अमोनिया होतो.

प्रश्न : मासे जिवंत आले, पिशवीत पोहत होते. शिकल्याप्रमाणे पिशवी उघडून नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी सोडलं. तासाभरात सगळे उलटे. पिशवीत जिवंत असलेले मासे माझ्या हातून कसे गेले? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : थेंब पद्धत चुकीची नाही, लांबच्या पार्सलसाठी चुकीची आहे. बंद पिशवीत मासे कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होतं, पीएच सातच्या खाली येतो. साठलेला अमोनिया त्या वेळी बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो आणि पीएच मिनिटांत वर चढतो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास दहापट. त्यात तुम्ही थेंब थेंब बोअरचं जड पाणी सोडलंत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षारधर्मी क्षार भरपूर असतात, त्यामुळे पीएच आणखी झरझर चढतो. पिशवीतलं पाणी ३३ अंशांचं असेल तर विषारी हिस्सा त्याहून जास्त. एक तास मासे त्यातच होते.

सहा तासांपेक्षा लांबचं पार्सल असं उतरवा : पिशवी न उघडता १५-२० मिनिटं टाकीवर तरंगू द्या. टाकी आणि पिशवीत पाच अंशांहून जास्त फरक असेल तर आधी मधल्या तापमानाच्या बादलीत ठेवा, दर दहा मिनिटांना साधारण एक अंश या बेताने. मग पिशवी कापा, मासे जाळीने उचला आणि सरळ टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीचे दिवे त्या रात्री बंद, खाणं दुसऱ्या दिवशी. दोन-तीन तासांच्या अंतरावरून आणलेल्या कोळंब्यांना मात्र थेंब पद्धतच द्या. त्यांच्या पिशवीत अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो आणि क्षारांचा फरक त्यांना जास्त झोंबतो.

प्रश्न : हिवाळ्यात ट्रॅव्हल्सने मासे येतात. हीट पॅक टाकतात, तरी दोनदा गार पडलेलेच आले. पॅक खराब होते का? — एक वाचक, शहादा

उत्तर : पॅकला हवा मिळाली नसणार. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती ऑक्सिजन घेऊन गंजते आणि त्या गंजण्याची उष्णता बाहेर येते. डबा टेपने हवाबंद केला की पॅक तासा-दोन तासांत विझतो. पॅकचं बाहेरचं वेष्टन फोडून, पॅक हलवून वीस मिनिटं उघड्यावर तापू द्यायचा, मग झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, श्वास घेणारी बाजू मोकळी ठेवून. डब्याला वरच्या कडेला पेन्सिलीएवढी दोन-तीन भोकं. पिशवीला तो टेकता कामा नये, त्याचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर जाऊ शकतो.

मात्र खान्देशात हिवाळ्यातही दुपार २८-३० अंशांची असते. रात्री गार आणि दुपारी गरम, अशा प्रवासात दीर्घकाळ चालणारा पॅक दुपारी उलटतो. एका रात्रीच्या प्रवासाला साधा उपाय पुरतो : एकेक लिटरच्या दोन बाटल्यांत ३८ अंशांचं कोमट पाणी, वर्तमानपत्रात गुंडाळून कडेला उभ्या. आठ लिटर पाण्याची तीन-चार अंशांची घसरण त्या भरून काढतात आणि सकाळपर्यंत स्वतःच निवतात.

प्रश्न : थर्मामीटर डब्यात कुठे ठेवायचा? — एक वाचक, चोपडा

उत्तर : मधल्या दोन पिशव्यांच्या बेचक्यात, पाण्याच्या पातळीच्या खाली. तारेचा सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि पडदा डब्याबाहेर चिकटवा, म्हणजे न उघडता वाचता येतं. झाकणाखाली ठेवला तर तो बर्फाचं तापमान दाखवतो. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग वाचतो, पार्सलच्या कामाचा नाही.

प्रश्न : वडील पाण्याच्या माठाला ओलं पोतं गुंडाळायचे. डब्याला तसं केलं तर बर्फ वाचेल का? — एक वाचक, पारोळा

उत्तर : एप्रिल-मेमध्ये नक्की वाचेल. आपली दुपार कोरडी असते. ४२ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पोत्याचा पृष्ठभाग २३ ते २५ अंशांच्या आसपास येऊ शकतो, म्हणजे डब्याला बाहेरून जवळपास आतल्याइतकंच तापमान मिळतं. पण त्याला तीन अटी आहेत. वारा लागला पाहिजे, म्हणजे उघड्या टेम्पोत जमेल, ट्रॅव्हल्सच्या बंद डिक्कीत नाही. पोतं सुकू देता कामा नये, वाटेत दर तासाला पाणी मारणारा माणूस हवा. आणि बाहेरचं खोकं पुठ्ठ्याचं असेल तर ते भिजून फाटेल, तेव्हा थर्माकोलवर आधी जाड प्लास्टिक चढवा, त्यावर पोतं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही, दमट हवेत पोतं गार होतच नाही. जुलैपासून पुन्हा बर्फाच्या हिशेबाकडे या. त्या वेळी बाहेर ३२ अंश धरले तर फरक सहाच उरतो आणि अडीच सेंटिमीटरच्या डब्याला तासाला साठ ग्रॅम बर्फ पुरतो.